चौथा घास

लाईट गेली तर जाऊ दे. बस अशी इकडे, वारा लागेल. आज दवाखान्यात तू विचारलंस ना, अक्का, तुम्ही वर्षभर कुत्री घेऊन गावोगाव फिरता, मग आखाजीलाच, ऐन अक्षय्य तृतीयेला, दार लावून का बसता? तिथं माणसं होती म्हणून तुला झटकलं. आता ऐक. आणि मध्येमध्ये 'हो का, हो का' करू नको, मला चीड येते.

तेव्हाही मी जळगावला याच दवाखान्यात नर्स होते. हायवेवर ट्रकखाली सापडलेली, ढाब्यांवर साखळीत कुजलेली कुत्री आम्ही तिघीचौघी उचलून आणायचो, मागच्या अंगणात मलमपट्टी करायचो आणि बरी झाली की त्यांच्यासाठी घरं शोधायचो. बायका मला कुत्र्यांची वधूवरसूचक म्हणायच्या. म्हणोत बापड्या! मी स्थळ बघावं तसंच घर बघायची. घरात चिडकं कोण, पिणारं कोण, दारात सावली आहे का, सगळं. आणि कुत्रा सोडताना माझा एक नियम असायचा. घरातल्या प्रत्येक माणसानं आपल्या हातानं त्याला एक घास द्यायचा. ज्याचा घास पोटात गेला तो त्याचा धनी. ज्याचा राहिला तो परका, त्याच्यावर कुत्रा धावून जाणार. धन्याचा मात्र शब्द मोडणार नाही. हा नियम मी कलेक्टरच्या घरीसुद्धा पाळला असता.

त्या साली आमच्याकडे भुऱ्या होता. ढाबेवाल्यानं त्याच्या पाठीवर उकळतं तेल ओतलं होतं, तिथे केस पुन्हा आलेच नाहीत. काठी दिसली की एवढा दांडगा कुत्रा जमिनीला चिकटायचा आणि जागेवर मुतायचा. पण दारात अनोळखी माणूस आला की त्याच्या भुंकण्यानं दवाखान्याच्या काचा वाजायच्या. त्याला हवं होतं असं घर, जिथे कोणी हात उगारत नाही.

आणि मागायला आली कोण, तर प्रमिला. माहेर जळगावचं, दिली होती नरडाण्याला. मी तिला ओळखत होते, कारण दोन वर्षांपूर्वी तिचा मोडलेला हात मीच प्लास्टरला धरला होता. मोडला सासऱ्यानं. झुलाल त्याचं नाव. बैलाला, बायकोला, सुनेला, सगळ्यांना बैल हाकायच्या एकाच पराणीनं मारायचा. प्रमिलाचं पहिलं बाळ त्यानं पोटातच मारलं, लाथ घालून. मग पोळ्याच्या आधी त्याच्याच बैलानं त्याला शिंगावर घेतलं आणि आतडी बाहेर पडली तरी बांधापर्यंत तुडवत नेलं. ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तर ही प्रमिला चैत्रात आली. पुन्हा पोट दिसायला लागलं होतं. तपासताना मी पदर बाजूला केला आणि माझं डोकंच फिरलं. पाठभर वळ. ताजे. काहींतून रक्त येत होतं.

"नवऱ्यानं?" मी विचारलं.

"नाही अक्का. ते हात लावत नाहीत." मग खाली बघून म्हणाली, "मला एक भुंकणारा कुत्रा द्या. तो भुंकला की मला कळेल... तेवढं पोट तरी झाकून घेता येईल."

"कोण येतं म्हणून कळेल?"

तिनं पदर ओढून पाठ झाकली. नवरा बाहेर बाकावर बसला होता, अभिमन. मी त्याला दवाखान्यासमोर उभा करून असा फाडला की रस्त्यावरची माणसं थांबली. तो लेकाचा रडायलाच लागला. "मी हात बी लावत नही, अक्का. मना बाप मारे. तो त मरी गया. आते कोन मारस, माले दिसत नही."

आम्ही बौद्ध. आमच्या घरी भूत नाही, पितर नाही, पितरांसाठी निखाऱ्यावर घास टाकायची आगारी नाही. मला वाटलं, नवरा-बायको मिळून काहीतरी लपवताहेत. मारझोडीच्या घरी मी कुत्रा देत नाही. पण त्या पोरीनं माझे पाय धरले ते सोडीचना. म्हटलं, स्वतः जाऊन बघते. कुत्रा बरोबर नेते, पटलं तर ठेवीन, नाहीतर त्याच पावली परत. आणि मला सुट्टी मिळाली ती नेमकी आखाजीची.

मी आणि भुऱ्या सुरत पॅसेंजरनं गेलो. नरडाण्याला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. घर गावाच्या कडेला, शेताला लागून. दुरून पोरींची झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. या घरात मात्र कोणी मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हतं. ओसरीत निखाऱ्यांवर आगारी टाकलेली, जळक्या तुपाचा आणि पुरणाचा वास कोंडलेला. कोपऱ्यात झुलालच्या नावानं भरलेली घागर, वर आंबा ठेवलेला, पुढे पितराचं ताट. शेजारी त्याची बाज, तिच्यावर धुतलेली चादर. आणि भिंतीला टेकवलेली ती पराणी. मी म्हटलं, ही अजून का ठेवलीय? प्रमिलाची सासू द्रौपदाबाई, वाळून काटकी झालेली बाई, नुसती हात जोडून उभी राहिली. "हालावू नका, अक्का. हालाई का तो जास्त मारस."

मी काही बोलणार, तेवढ्यात भुऱ्या ताठ झाला.

पराणीकडे त्यानं बघितलंही नाही. तो बघत होता बाजेकडे. जळक्या पाठीची कातडी थरथरत होती. मग जो भुंकला! मी साखळी दोन्ही हातांनी धरली तरी फरफटत गेले. बाज रिकामी होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा काथ्या, जो खाली दबलेला होता, तो करकरत वर आला. कोणीतरी उठल्यावर येतो तसा. भुऱ्या पुढे पुढे सरकत होता आणि मागच्या भिंतीवरचा पोपडा खाली पडला. कोणीतरी पाठ टेकत, मागे मागे चाललं होतं.

"घाबरला," प्रमिला पुटपुटली. "अक्का... तो याला घाबरला." आणि ती पोर हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते. त्या हसण्यासाठी मी भुऱ्यासारखे दहा कुत्रे दिले असते. म्हटलं, ठरलं. आजपासून कुत्रा तुझा.

सावरल्यावर मी माझा नियम सांगितला. घरातल्या सगळ्यांनी एकेक घास द्या. पुरणपोळीचा दिला तरी चालेल, सण आहे. प्रमिलानं दिला. भुऱ्यानं तो अलगद घेतला, तिची बोटं चाटली. अभिमननं दिला. द्रौपदाबाईनं दिला. झालं, मी साखळी सोडली आणि पाणी प्यायला माठाकडे वळले.

वळून बघते तो द्रौपदाबाई पितराच्या ताटातून घास मोडत होती.

"काय करताय?"

"बठ्ठास्ना घास सांगा ना तुम्ही? मंग त्यास्ना कसा सोडसू?" सगळ्यांचा म्हणजे मेलेल्याचाही, असं तिचं गणित. "आज त्यास्ना दिन शे. सोडी दिधं तर कोप करतीन..."

मी ओरडले. पण तिनं तो घास बाजेच्या कडेवर ठेवलाही होता. जन्मभर त्या माणसाला आधी वाढून मग जेवलेली बाई ती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की मेल्यावर माणूस घरातला राहत नाही.

भुऱ्या गुरगुरत बाजेजवळ गेला. हुंगलं. गुरगुर बारीक झाली. घास त्यानं खाल्ला, आणि मग मान वर करून हवेत चाटू लागला, सावकाश, तळहात चाटावा तसा. शेपूट हलायला लागलं.

"भुऱ्या," मी म्हटलं. "भुऱ्या, इकडे ये..."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो खाली बसून वरच बघत होता, हुकुमाची वाट बघत. ओसरीत तंबाखूचा वास आला. बाजेचा काथ्या पुन्हा दबला. मग भिंतीची पराणी जमिनीवर एकदा आपटली. ठक.

काठी दिसली की मुतणारा तो कुत्रा सरळ प्रमिलाच्या अंगावर गेला.

ती पाठीवर पडली. पोटावर दोन्ही हात धरले होते, त्यातला एक त्यानं दंडापासून धरला आणि झटका दिला. हाड मोडल्याचा आवाज मला कळतो, बाई. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. मी त्याच्या गळ्यातला पट्टा पिरगाळला, त्याची जीभ काळी पडली, तरी तो सोडेना. अभिमननं मुसळ घेतलं आणि त्याच्या बरगड्यांवर घातलं, पुन्हा घातलं. आतून काहीतरी मोडलं, पण कुत्रा कुईंसुद्धा करेना. दंड सोडला तो खाली सरकायला. त्याला पोट हवं होतं. ते त्याचं नव्हतंच गं, ते दुसऱ्याचंच मागणं होतं. प्रमिला ओरडत होती, "बाळ... अक्का, माझं बाळ!" आणि पराणी आपटत होती, ठक, ठक, चेव यावा तशी.

तेव्हा द्रौपदाबाई हलली. ती काटकीसारखी बाई घागरीशी गेली, भरलेली घागर उचलली आणि डोक्यावर घेऊन बाजेवर फोडली.

"मरी गया तरी तुना हात ऱ्हायना नही!" तिचा आवाज चिरकत होता. "मना बठ्ठा हाडे मोड्या, आते हिना पोटपर उना का? निंघ! निंघ मना घरमाईन, मेल्या!"

पाणी बाजेखालून वाहत उंबऱ्याकडे आलं. भुऱ्या मागे सरला, तोंडातून रक्त गळत होतं, आणि जाऊन बाजेखाली शिरला. मी प्रमिलाला ओढत अंगणात आणली, साडी फाडून दंड आवळला. अभिमन शेजारच्याचा टेंपो आणायला धावला. टेंपो आला, क्षणभर वाटलं, सुटलो.

पण आतून पुन्हा ठक झालं. उंबऱ्याशी.

द्रौपदाबाईनं ते ऐकलं. टेंपोत चढायला एक पाय वर टाकला होता, तो तिनं खाली घेतला.

"चला ना," मी म्हटलं. "आता काय ठेवलंय इथं?"

"तुम्ही जा, अक्का. मी आठेच ऱ्हासू." तिनं प्रमिलाच्या केसांवरून हात फिरवला. "त्याले माराले कोनी तरी लागस, माय. मी हातशी ऱ्हायनू म्हंजे तो तुना मांगे येवाव नही."

मी तिला ओढलं, शिव्यासुद्धा घातल्या. तिनं माझा हात सोडवला, घरात गेली आणि आतून कडी लावली. टेंपो सुरू झाला तेव्हा फटका ऐकू आला. ती बाई ओरडली नाही. भुऱ्या मात्र भुंकला, खेळताना भुंकतात तसा.

प्रमिलाचा दंड आम्ही शिवला, हाडाला प्लास्टर घातलं. बाळ वाचलं, पुढे मुलगी झाली, सगुणा. अभिमनला दीपनगरला वीजकेंद्रात ठेकेदाराकडे काम मिळालं आणि ते तिकडेच राहिले. प्रमिलाच्या पाठीवर पुन्हा वळ उठला नाही. अभिमन मधूनमधून आईकडे जाऊन यायचा. परत आला की त्याला जेवण जायचं नाही. आई कशी आहे विचारलं, तर म्हणायचा, "जित्ती शे." तो स्वतः तिथे उघड्या पाठीनं बाजेसमोर बसून राहिला होता, मला मार म्हणून. त्याला कोणी शिवलं नाही. भडव्याला बायकाच लागतात.

सहा वर्षं अशी गेली. गेल्या संक्रांतीनंतर प्रमिला सकाळीच दवाखान्यात आली, सगुणाला घेऊन. मी म्हटलं, काय गं, ताप? तिनं पोरीला माझ्यासमोर पाठमोरी उभी केली आणि फ्रॉकची बटणं काढली.

एक वळ. मानेपासून कमरेपर्यंत.

"हे पहाटेच नरडाण्याला गेलेत," प्रमिला म्हणाली. "सासूबाई गेल्या असतील."

"खबर आली?"

"नाही... खबर अजून कोणाचीच नाही."

मी कापूस भिजवला. पोर माझ्या हाताखाली एकदम पुढे हेलपाटली, आणि पहिल्या वळाशेजारी दुसरा फुगत वर आला. लख्ख उजेडात, माझ्या बोटांमध्ये. सहा वर्षांचं लेकरू ते, आईला विचारत होतं, मी काय केलं?

प्रमिलानं बटणं लावली. पोरीचा मुका घेतला, तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अक्का, हिला तुमच्याकडे ठेवा. मला दुपारची पॅसेंजर मिळेल." मी अडवलं नाही. काय सांगून अडवणार होते, तूच सांग. तिसऱ्या प्रहरी, गाडी नरडाण्याला पोचते त्या सुमाराला, सगुणा रडायची थांबली आणि झोपली.

ही आत झोपलेली पोर माझी नात नाही, कळलं आता? आई कुठे आहे म्हणून विचारते. मी म्हणते, कामाला गेलीय. रोज सकाळ-संध्याकाळ आंघोळीच्या निमित्तानं मी तिची पाठ बघते. कोरी असली की समजते, प्रमिला आहे.

आज सकाळी कोरी होती. संध्याकाळची अजून बघायची राहिलीय.