काचघरातला पंचनामा

"कोणीही कशाला हात लावायचा नाही. आधी पंचनामा," असं म्हणून फौजदार काचघराच्या दारात हात आडवा धरून उभा राहिला.

"पंचनाम्याला पंच लागतात," ताई म्हणाली. "इथे आपण चौघंच. त्यात एक चिंगी."

"मी अख्खी आहे," चिंगी म्हणाली.

फौजदार बारा वर्षांचा होता. सातवीची परीक्षा देऊन तो ताईबरोबर मामाकडे सुट्टीला आला होता. घरात चप्पल हरवो की कप फुटो, चौकशीला हा पुढे, म्हणून त्याचं नाव फौजदार पडलेलं. मामाची दोन मुलं, ढब्बू आणि चिंगी, ही त्याची पोलीस चौकी. ताई त्याच्याहून दीड वर्षाने मोठी, त्यामुळे ती कोणाच्याच चौकीत नव्हती.

आज चौकशीही तशीच मोठी होती. मामीने जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून घराच्या बाजूच्या भिंतीला टेकवून काचघर केलं होतं. चौघं आत शिरली की ढब्बूला पोट आत घ्यावं लागे. फळीवर टोमॅटोच्या रोपांचे सहा ट्रे होते, एकेका ट्रेमध्ये चाळीस रोपं. मामीने दोन महिने त्यांना लहान बाळासारखं जपलं होतं. दर वर्षी गल्लीतल्या प्रत्येक घराला ती सहा रोपं देई आणि लोक आतापासूनच कुंड्या धुऊन बसले होते. आज सकाळी मात्र सहापैकी दोन ट्रेमधली रोपं माना टाकून पडली होती. पानं कागदासारखी पांढरी आणि कुरकुरीत झाली होती.

मामी गाडी चालवायला शिकवायची. समोरून ट्रक आला तरी तिचा आवाज चढत नसे. पण ते ट्रे बघून ती तिथेच खाली बसली.

"फौजदार, फळीमागे काहीतरी आहे," ढब्बू ओरडला. ती फवारणीची बाटली होती. तळाशी थोडं गढूळ पाणी होतं.

"ही घड्याळकाकांची," चिंगी म्हणाली.

घड्याळकाका समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आता दुकान बंद होतं, पण हात अजून स्थिर होते. नाजूक रोपं एका कपातून दुसऱ्यात हलवायची, तर ते चिमट्याने अशी हलवत की मुळाला कळतसुद्धा नसे. काचघराची एक किल्ली त्यांच्याकडे असे. रोज सकाळी सात वाजता ते यायचे, ते दहापर्यंत रमायचे. "बाकीचा दिवस मी उद्याचे सात वाजायची वाट बघतो," असं ते एकदा हसत म्हणाले होते. आज मात्र ते बाहेरगावी गेले होते, संध्याकाळी परतणार होते.

"परवा त्यांनी रोपांवर मावा ही कीड पडली म्हणून साबणाचं पाणी मारलं होतं," मामी सावकाश म्हणाली. "मागच्या वर्षीही काहीतरी जहाल कालवून माझा गुलाब जाळला होता त्यांनी."

सगळ्यांनी फौजदाराकडे पाहिलं. आता तो काय म्हणतो त्यावर काय ते ठरणार होतं.

 रोपं कशाने गेली हे या सगळ्यांत एकट्यालाच ठाऊक होतं, आणि तो एकटा म्हणजे फौजदारच.

झालं होतं असं. काचघरात वाढलेली रोपं एकदम बाहेर लावायची नसतात, त्यांना हळूहळू वाऱ्याउन्हाची सवय लावावी लागते. पहिल्या दिवशी सावलीत एक तास, मग दोन, मग थोडं कोवळं ऊन. मामी म्हणाली होती, पुढच्या आठवड्यात सुरू करू. फौजदाराला वाटलं, आपण दोन ट्रे आधीच तयार करून मामीला चकित करावं. काल ती तिघं मामीबरोबर बाजारात गेली तेव्हा डोकं दुखतंय म्हणून तो घरी राहिला. अकरा वाजता त्याने दोन ट्रे पाण्याच्या टाकीमागे, खडीवर ठेवले. तासाभराने उचलायचे होते. तेवढ्यात मैदानावरून मुलांची हाक आली. एक डाव खेळून येतो म्हणून गेला, तो चार वाजता परतला. टाकीमागे तेव्हाही रणरणतं ऊन होतं. रोपं जरा मलूल दिसत होती. त्याने पाणी घातलं, ट्रे जागेवर ठेवले आणि रात्रीत सावरतील अशी स्वतःची समजूत घातली.

"बोल ना," ढब्बू म्हणाला.

"बाटली तर सापडलीय," फौजदार म्हणाला. एवढंच म्हणाला. हे काही खोटं नव्हतं, असं तो नंतर तीन दिवस स्वतःला सांगत राहिला.

संध्याकाळी मामीने काकांना बोलावलं. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "काका, यंदा राहू द्या. मी बघते रोपांचं."

काकांनी ट्रेकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. "मी चमचाभर साबण टाकला होता बादलीला," ते म्हणाले. मामी उरलेल्या ट्रेंना पाणी घालायला वळली. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि फळीवर ठेवली. जाताना चप्पल घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. फौजदार खिडकीतून हे सगळं बघत होता. त्याला वाटलं, आत्ता धावत जावं. पण तो खिडकीतच उभा राहिला.

रात्री जेवताना मामाने पाठ थोपटली. "शाबास. काकांच्या भिडेपोटी कोणी बोललं नसतं. आमच्या फौजदाराने अर्ध्या तासात छडा लावला." आणि आइस्क्रीमचा मोठा कप त्याच्यापुढे सरकवला. फौजदाराने तो ढब्बूपुढे सरकवला. पूर्वी कधी मार बसला होता, पण तोही या शाबासकीपेक्षा बरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता समोरच्या गॅलरीत काका उभे होते. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. तिसऱ्या दिवशीही. ते काचघराकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते, आणि तेच फौजदाराला बघवत नव्हतं. त्याने त्या बाजूचा पडदा ओढून घेतला. लाज अशी की आरशात बघून दात घासायचीही चोरी.

"दादा, एक विचारू?" तिसऱ्या दिवशी दुपारी चिंगीने त्याला गाठलं. "काकांनी फवारा मारला तेव्हा मी बादली धरली होती. त्यांनी सहाही ट्रेना मारला. मग दोनच कसे मेले?"

"असेल काहीतरी," फौजदार म्हणाला.

"असेल काहीतरी?" ताईने पुस्तकातून डोकं वर काढलं. "तू असं म्हणतोस? मागे एका चपलेसाठी तू गल्लीतल्या आठ कुत्र्यांच्या जबान्या घेतल्या होत्यास."

चिंगी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती ताईला आणि ढब्बूला ओढत काचघरात घेऊन गेली. फौजदार मागोमाग गेला, कारण न जाणं जास्त संशयास्पद दिसलं असतं. चिंगीने मेलेल्या रोपांचा ट्रे दोन्ही हातांनी उचलून खालून दाखवला. बुडाच्या वाळलेल्या चिखलात पांढरी खडी चिकटली होती. दुसऱ्यालाही तशीच. बाकीच्या चार ट्रेंची बुडं स्वच्छ होती.

"इथे तर विटांची जमीन आहे," ढब्बू म्हणाला. "खडी फक्त टाकीमागे."

"म्हणजे हे दोन ट्रे बाहेर गेले होते," ताई म्हणाली. "आणि इथल्या काचांना चुना फासलाय, ऊन गाळून येतं. बाहेरच्या उघड्या उन्हात ही कोवळी पानं भाजली. साबणाचा काही संबंध नाही. आता बाहेर कोणी नेले, आणि कधी..."

ती बोलता बोलता थांबली. बाजाराच्या दिवशी घरी कोण होतं, हे तिला आठवलं असावं. तिने भावाकडे पाहिलं. ओरडली नाही, चिडवलंही नाही. फक्त पाहिलं, आणि मग ढब्बू-चिंगीला म्हणाली, "चला, आपण बाहेर थांबू."

"पण चोर कोण?" चिंगीने विचारलं.

"मी," फौजदार म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक निघाला की चिंगीने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. ढब्बू तोंड उघडं ठेवून बघतच राहिला. चिंगी रडायला लागली, कारण काका आता तिला घड्याळाची चाकं दाखवत नव्हते आणि ते कोणामुळे हे तिला आत्ता कळलं होतं.

मामी शिकवणी संपवून आली तेव्हा फौजदार पायरीवर बसला होता. त्याने तिला आत जाऊ न देता सगळं सांगितलं. अकरा वाजल्यापासूनचं, डाव, खडी, बाटली. "मी खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही," तो म्हणाला.

मामीने गाडीची किल्ली हातातल्या हातात फिरवली. "रोपांचं मी तुला रागावेन," ती म्हणाली. "पण आत्ता नाही. तू गप्प बसलास, आणि मी न विचारता माणसाला घराबाहेर काढलं. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला. चल, दोघं जाऊ."

तीन मजले चढून ती दोघं दारापुढे उभी राहिली. मामीने बेलकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. मोठ्या माणसांनाही असं होतं, हे फौजदाराने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी त्यानेच बेल दाबली.

काकांनी दार उघडलं. "काका, माझं चुकलं," मामी म्हणाली, आणि तिच्या पाठोपाठ फौजदाराने सगळं पुन्हा सांगितलं. हे तिसऱ्यांदा, पण सोपं काही झालं नव्हतं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. "किती वेळ होती रोपं उन्हात?" त्यांनी विचारलं.

"पाच तास. अकरा ते चार."

"आणि मी?"

फौजदाराने मान खाली घातली. "तीन दिवस."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "वाईट वाटलं होतं मला," ते म्हणाले. "अजूनही वाटतंय. उगीच कशाला नाही म्हणू." मग मामीने पुढे धरलेली किल्ली त्यांनी घेतली. "खडी कोणी बघितली?"

"चिंगीने."

"हुशार आहे पोरगी. तिला सांग, काकांनी शाबासकी दिलीय." ते फौजदाराकडे वळले. "तुला आज नाही मिळणार. पण तू स्वतः जिना चढून आलास, ते मी लक्षात ठेवीन. बी आहे माझ्याकडे. आत्ता पेरलं तर रोपं महिना-दीड महिना उशिरा येतील, पण येतील. गल्लीत प्रत्येक दारी जाऊन उशीर का होणार हे तू सांगायचं. जमेल?"

गल्लीत मामीचं सोडून चाळीस घरं होती. फौजदाराने मान हलवली आणि तो खालच्या मजल्यावरच्या पहिल्या दारापाशी गेला.