आपण की आम्ही

दवाखान्यातले काम आटोपून मी घरी पोहोचे तेव्हा उन्हाचा पट्टा जेवणाच्या टेबलापर्यंत आलेला असे. त्याच टेबलावर मी अभ्यासाला बसे. समोर मावशी काहीतरी निवडत किंवा सोलत असे आणि आम्हा दोघींच्या मध्ये छोटा स्पीकर असे. दुभाष्याच्या परीक्षेत कानाला काही लावू देत नाहीत. खोलीत स्पीकर ठेवतात आणि खुर्च्यांच्या करकरीतून, कुणाच्या खोकल्यातून जे ऐकू येईल तेच ऐकायचे. म्हणून सरावही तसाच करावा, असे आमच्या शिकवणाऱ्या बाईंचे मत होते. थांबण्याच्या जागांविषयी त्या इतक्या पोटतिडकीने बोलत की वर्गात त्यांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणत.

पद्धत सोपी होती. डॉक्टर आणि रुग्ण इंग्रजीत बोलतात. दोन-तीन वाक्यांनंतर एक बारीकशी घंटी वाजते आणि पुढे रिकामी जागा सोडलेली असते. तेवढ्या जागेत ऐकलेले सारे मराठीत सांगायचे, आणि पुन्हा घंटी वाजली की गप्प बसायचे. दुभाष्याने 'त्या म्हणतात की त्यांना दुखते' असे कधीच म्हणायचे नसते. 'मला दुखते' असेच म्हणायचे. बोलणाऱ्याचा 'मी' तोच आपला 'मी'.

"काल म्हणालीस चार मुलं आहेत," मावशी शेंगा सोलता सोलता म्हणे, "आज म्हणतेस गुडघा बदलायचाय. एकदा काय ते ठरव बाई. आणि चार मुलं झाली तेव्हा मला कळवायचं तरी होतंस."

या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या खेपेनंतर पुन्हा बसू देत नाहीत, आणि दवाखान्यातली माझी नेमणूक तात्पुरती होती. आई गेल्यावर मावशीने शिवणकाम करून मला वाढवले. आता तिला सुईचे नाक दिसत नव्हते. तिचे माझ्याशिवाय कुणी नव्हते आणि माझे तिच्याशिवाय.

ज्या संवादापासून हे सुरू झाले, तो इतरांसारखाच होता. कुणाची तरी नातेवाईक असलेली एक प्रौढ बाई डॉक्टरांशी बोलते. आवाज सौम्य, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित श्वास सोडल्यासारखा. आपली 'आँट' बरी आहे ना, असे ती विचारते. वर्गात मी न अडखळता म्हणाले, "माझी मावशी बरी आहे ना?"

"मावशी कुठून आणलीत?" स्वल्पविराम बाईंनी हात वर केला. "आत्या असेल, काकू असेल, मामी असेल. अंदाजाने नाती लावू नका. ठाऊक नसेल तर खुलासा मागा."

"पण बाई, स्पीकरकडे खुलासा कसा मागायचा?"

"मागायचा. उत्तर मिळालं नाही तरी मागितल्याचे गुण मिळतात."

वर्ग हसला, मीही हसले.

घरी आल्यावर तोच संवाद लावला. घंटी वाजली. शिकवल्याप्रमाणे मी इंग्रजीत, सावकाश म्हटले, "दुभाषी खुलासा मागू इच्छिते. ही 'आँट' नात्याने कोण?"

रिकाम्या जागेत तिने उत्तर दिले. मुळीच घाई न करता, शेवटी तोच श्वास सोडत, तिने सांगितले: तुझ्या आईची बहीण.

माझ्या आईची, असे ती म्हणाली नाही.

मी ते पुन्हा लावले. त्या जागेत काहीही नव्हते. दिवसभर इतरांची दुखणी बोलून डोके शिणले की कान खेळ करतात, हे मला अनुभवाने ठाऊक होते. तशी मी स्वतःची समजूत घातली आणि संवाद पुढे जाऊ दिला.

शेवटी ती बाई म्हणाली, 'वी शुड बी गोइंग.' घंटी वाजली. मी तोंड उघडण्याआधीच मावशीने मान वर केली.

"अगं, विचारताहेत ना त्या. उत्तर दे की."

"कोण विचारतंय?"

"या बाई. आपण निघू या का म्हणून."

मावशीला इंग्रजी येत नाही. औषधाच्या बाटलीवरचे नावही ती माझ्याकडून वाचून घेते.

"तुला कळलं ते?"

"न कळायला काय झालं? साधं सरळ तर बोलताहेत. 'आपण' म्हणाल्या. 'आम्ही' म्हणाल्या असत्या तर मी कशाला लक्ष दिलं असतं?"

मी स्पीकर बंद केला. इंग्रजीला हा भेद नाही. 'वी' म्हणणारा समोरच्याला सोबत नेतो आहे की मागे ठेवतो आहे, हे त्या शब्दात उमटत नाही. मराठीत मात्र ते ठरवल्यावाचून वाक्य तोंडातून बाहेरच पडत नाही. आणि ठरवायचे असते दुभाष्याने.

तो संवाद मी पुसून टाकला. पुढचे दिवस दातदुखीवर आणि पथ्यपाण्यावर काढले. एके दिवशी घरी आले तर मावशीची ठेवणीतली शाल गॅलरीत उन्हाला टाकलेली होती. कोपऱ्यातले शिवणयंत्रही दिसेना.

"शेजारणीला दिलं," ती म्हणाली. "तिची सून शिकते आहे."

"न विचारता?"

"माझंच तर होतं. मला आता काय करायचंय ते?"

पलंगाजवळ तिची कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. मी पिशवीकडे पाहिले, तिने माझ्याकडे.

"कुठे निघालीस?"

"अजून कुठे निघतेय? त्या थांबल्यात." मावशीचा आवाज खाली आला. शाळेत माझा नंबर आल्याचे ती शेजारी सांगत असे, तेव्हाचे कौतुक त्यात होते. "तू सांगितल्याशिवाय निघायचं नाही म्हणतात. ते तुझं काम आहे म्हणे."

परीक्षा सकाळी होती. वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली, लांब टेबल, पाण्याचा झाकलेला पेला. समोर दोन परीक्षक, एक स्त्री आणि एक पुरुष, दोघेही सभ्यपणे हसले. पहिला संवाद रक्तदाबाचा होता. माझे एकही वाक्य सुटले नाही.

दुसऱ्या संवादाला तिचाच आवाज आला.

मी खुलासा मागितला नाही. 'आँट' आली तेव्हा मावशीच म्हटले. परीक्षकांनी काहीतरी टिपले. मावशी या वेळी पिशवीजवळ बसलेली असणार, हे मला दिसल्यासारखे कळत होते.

'वी शुड बी गोइंग.'

घंटी.

गप्प बसता आले असते. पण मग नापास, आणि घरी त्या बाई बसून राहिल्या असत्या, आज, उद्या, मी बोलेपर्यंत.

'आपण' म्हटले तर मावशी उठणार.

परीक्षक माझ्याकडे पाहत होते.

"आम्ही निघतो," मी म्हणाले. स्पष्ट म्हणाले. "आता आम्ही निघतो."

स्पीकरमधून एक श्वास सुटला, समाधानाने सोडल्यासारखा. मग घंटी वाजली.

"उत्तम," परीक्षक बाई म्हणाल्या. "बोलणारी बाई आणि तुम्ही अगदी एक झाला होतात."

घरी येताना मी जिने जवळजवळ धावतच चढले. दार मावशीने उघडले. अंगावर घरचेच पातळ, हाताला कणीक. पलंगाजवळची पिशवी रिकामी, घडी करून ठेवलेली. मला हुंदकाच आला.

मावशी दारात तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर परक्यासाठी ठेवलेले हसू होते.

"कोण हवं होतं तुम्हाला?"

तिने मला कधीही 'तुम्ही' म्हटले नव्हते.

"मावशी, अगं मी."

"भाचीकडे आलात होय? ती आत्ताच गेली. 'आम्ही निघतो' म्हणाली इथूनच, आणि गेलीसुद्धा. परीक्षा आहे तिची." ती बाजूला सरली. "येईल एवढ्यात. बसा ना."

मावशीला मागे ठेवायला म्हटलेल्या त्या 'आम्ही'त मी स्वतःला घातले होते. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले. मावशी दार लावेना. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, जिन्याच्या दिशेने, आणि एकेका पायरीवर थांबत खाली उतरत राहिली.

"या ना सगळ्याजणी," ती म्हणाली. "खुर्च्या कमी पडतील, पण मी शेजारून आणते."