पट्टीखालचा व्रण

"आता गप्प निजा! दर किमजांगला तुमचं हे नाटक ठरलेलंच!"

सॉकजूचे हे शब्द ऐकून ओकबुनने ओठ दातांखाली दाबला. सवतीचा हा मुलगा सात वर्षांचा असताना तिच्या पदरात पडला होता... किमजांगला, म्हणजे हिवाळ्याची किमची घालायच्या दिवसांत, कोरियातल्या या मोक्पोत कुणाची कंबर धरत नाही? म्हणून सकाळी उजव्या कुशीत अचानक कळ उठली, तेव्हा सुनेने कमरभर औषधी पट्ट्या चिकटवल्या आणि सासूला खालून तापवलेल्या गरम जमिनीवर निजवलं. दुपारी ओकारीवर ओकारी होऊ लागली, तेव्हा कुठे सॉकजूने गाडी काढली.

आपत्कालीन विभागात डॉक्टर नामबाईंनी विचारलं, "आजी, पूर्वी कधी ऑपरेशन झालंय?"

ओकबुनने शेजारी उभ्या मुलाकडे पाहिलं. लहानपणी, आई गेली त्याच सुमारास, त्याची किडनी बदलली होती. ती मरणाऱ्या आईने दिली, असं त्याच्या आजीने, ओकबुनच्या सासूने, त्याला सांगितलं होतं. आईची म्हणून तरी पोर ती टिकवायची औषधं घेईल, असं सासूचं म्हणणं! त्या अभागी लेकराचा तेवढाच आधार... तो कसा हिरावून घ्यायचा?

"नाही हो," ती म्हणाली.

मुतखडा असावा, असं समजून इंजेक्शन दिलं गेलं. कळ हटेना, नाडीही वेडीवाकडी धावत होती. शेवटी सोनोग्राफी केली आणि नामबाई चमकल्या.

"आजी, डावी किडनी कुठाय?"

त्यांनी कमरेवरची पट्टी सोलून काढली. खाली जुना, लांबलचक व्रण होता!

"कुणाला दिलीत?"

ओकबुनने हाताने व्रण झाकला. सॉकजूचा हात मात्र नकळत स्वतःच्या पोटावर गेला.

स्कॅनमध्ये सारं उघड झालं. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी उरलेल्या एकुलत्या किडनीच्या रक्तवाहिनीत अडकली होती आणि किडनी केव्हाच मेली होती.

"सकाळीच आणलं असतं तर वाचवता आली असती," नामबाई म्हणाल्या.

सॉकजू खाटेशी कोसळला. "का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी तुम्हाला नाही नाही ते बोललो!"

"तुझी आई होती रे त्यात... मी कशाला मधे येऊ?"

"परत घ्या ती! आत्ताच्या आत्ता काढायला सांगतो!"

"वेड्या, दिलेलं कुणी परत घेतं का? जप तिला..."

"आई!" त्याने हंबरडा फोडला. "आई, एकदा माझ्याकडे बघ ना!"

या एका हाकेसाठी तिने अवघा जन्म वाट पाहिली होती... पण आता कळ अशी जबर होती, की 'ओ' देण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.