न लावलेली जाहिरात

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल हसावं. आमच्या ताईला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

रविवार होता. भर दुपार. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी इथेच कान पकडावेत.

ताई एका सॉफ्टवेअरच्या कामात होती. पगार नाही, ऑफिस नाही. हौशी माणसं आपापल्या घरी बसून ते बनवतात आणि फुकट वाटतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी टाइप करायचं, कॉम्प्युटर त्यांच्या वतीने बोलतो. ताईच्या धाकट्या भावाचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हापासून तो असाच बोलतो. भांडतोसुद्धा असाच, आणि अगदी मनापासून भांडतो.

वेबसाइटच्या माथ्यावरची पट्टी ताईकडे होती. तिथे जाहिराती आळीपाळीने येतात. पेज उघडलं की एक, पुन्हा उघडलं की दुसरी. नवीन आवृत्ती आली. देणगी द्या. भाषांतराला माणसं हवीत.

बस. तीनच.

त्या दुपारी तिने सहज पेज उघडलं आणि...

चौथी आली.

'मी निघतोय. माझ्यासोबत कोण येतंय?'

ही जाहिरात मास्तरांची होती. मास्तर म्हणजे तिच्या आधी पट्टी सांभाळणारे रिटायर्ड शिक्षक. माणूस हुशार, पण नाकावर राग. एकदा सगळ्यांशी वाजलं, तेव्हा त्यांनी हे पट्टीवर लावलं आणि काम सोडलं. सोबत कुणीच गेलं नाही. जाहिरात त्याच दिवशी काढून टाकली होती.

पुढे मास्तर वारले.

ताईने जाहिरातींची फाइल उघडून पाहिली. जाहिराती तीनच होत्या.

पेज पुन्हा उघडलं...

'मी निघतोय.'

त्याच आठवड्यात भाषांतर बघणाऱ्या बाईंनी ग्रुपवर लिहिलं, आता मी थांबते. कारण नाही, काही नाही. मग आवाजाचं काम करणारा मुलगा गेला. ताईने दोघांनाही फोन लावले. रिंग वाजत राहायची. उचलायचं कुणी नाही.

आणि पट्टीवर...

'एक येतंय.'

मग, 'आणखी एक येतंय.'

आता ताई आणि एक प्रोग्रामर, एवढेच उरले. प्रोग्रामर म्हणाला, गाशा गुंडाळूया, उगाच कशाला विषाची परीक्षा. ताई उसळली. सांभाळायला माणसंच नसली तर उद्या कॉम्प्युटर बदलला की सॉफ्टवेअर बंद पडणार. धाकट्याचा आवाज दुसऱ्यांदा जाणार. तिने त्याला ठणकावून सांगितलं, की मास्तर जिवंत होते तेव्हा मी त्यांना भ्यायले नाही, आता तर ते हजेरीवरही नाहीत.

तिने नवीन जाहिरात लिहिली. 'आम्ही राहतोय. इथून कुणीही येणार नाही.' ठोकून दिली पट्टीवर.

मग पेज पुन्हा उघडलं.

तिची जाहिरात नव्हती. तिच्या जागी...

'तुझा भाऊ येतोय.'

आणि पलीकडच्या खोलीतून धाकट्याच्या कॉम्प्युटरचा आवाज आला.

"ताई, मी निघतो."

ती धावली. दारातच थबकली.

धाकटा खिडकीशी उभा होता. चहाचा कप दोन्ही हातांत धरलेला. कॉम्प्युटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो मानेने नाही, नाही म्हणत होता.

"मी निघतो," कॉम्प्युटर पुन्हा बोलला.

ताई त्या स्क्रीनसमोर जाऊन उभी राहिली. भीती होतीच, पण त्याहून जास्त चीड होती.

"मास्तर, तुमच्यासोबत तेव्हा कुणी आलं नाही, तो राग माझ्या भावावर काढू नका. तो कुठेही येणार नाही. मी येऊ देणार नाही."

खोलीत चिडीचूप झालं. पंख्याचाही आवाज येईना...

पंखा फिरत होता.

धाकट्याने कप खाली ठेवला. एकेक पाऊल टाकत आला, ताईला हलकेच बाजूला केलं आणि खुर्चीत बसला. एकेक अक्षर शोधत त्याने टाइप केलं, आणि कॉम्प्युटर त्याच सपाट आवाजात म्हणाला,

"हा आवाज माझा आहे. तुम्ही निघा."

पंख्याची घरघर परत ऐकू आली.

पट्टीवर आता चार जाहिराती आळीपाळीने येतात. चौथी ताईची, 'आम्ही राहतोय.' ती वाचून नवीन माणसं आली, काम सुरू आहे. गेलेल्या दोघांचे फोन मात्र आजही वाजतात आणि कुणी उचलत नाही. पट्टी सोड म्हणून घरच्यांनी किती विनवलं. ताई म्हणते, सोडायची असेल तर मास्तरांनी सोडावी.

तशी ती कशाला भीत नाही. फक्त हल्ली धाकटा काही बोलला की उत्तर द्यायच्या आधी ती त्याच्या बोटांकडे बघते.