पाचवी ओ

माझ्या नातीचं, खुशबूचं, लग्न झालं ते २०२४ साल. मांडव उतरला आणि मोह पडू लागला. आमचं गाव सावली तालुक्यात, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथं. उजाडलं की आम्ही पाच बायका मोहाची फुलं वेचायला निघायचो. मी, माझी सून रिना, केसरबाई, सुगंधाबाई आणि शेजारची सोमारी. झाडं आपापली, मध्ये दाट झुडपं. एकीला दुसरी दिसत नाही. म्हणून रीत अशी की एकीनं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ. जिची ओ आली नाही तिच्या झाडाकडे सगळ्यांनी ओरडत धावायचं. आमच्या जंगलात वाघ आहे.

माझा नातू प्रफुल नागपुरात मोबाइलची अ‍ॅप बनवतो. त्यानं ही रीत फोनात घातली. थोड्या थोड्या वेळानं फोन थरथरायचा, आपण बटन दाबायचं. किती जणींनी ओ दिली तो आकडा सगळ्यांच्या फोनवर यायचा. त्याआधीचे मोहाचे दोन हंगाम बरे गेले.

त्या साली प्रफुलचा फोन आला. "आजी, वरून नियम आला. नवीन व्हर्जन टाकाच लागते, अन् ते जुन्या फोनवर चालत नाई."

"मंग नोको टाकू."

"नाई टाकलं तर सगळ्याइचंच बंद होते. माझ्या हातात नाई."

जुना फोन एकट्या सोमारीचा होता. "फोन म्हातारा झाला म्हणून काढला," ती म्हणाली, "मले कधी काढता?" फोन तिनं तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला. आमचं ठरलं, तिला तोंडानं हाक द्यायची.

पहिल्या सकाळी आम्ही चौघींनी बटन दाबलं. आकडा आला पाच.

मी प्रफुलला सांगितलं. त्यानं तिकडं कॉम्प्युटर उघडून पाहिलं. "एक जुना फोन ओ देऊन राह्यला, आजी. जुनं व्हर्जन तर मी बंद केलं. ते यायलेच नाई पाहिजे."

"सोमारीचा हाय का?"

"कोणाचाच दाखवत नाई."

त्यानं पुन्हा बंद केलं. दुसऱ्या दिवशीही पाच.

केसरबाईला बरंच वाटलं. "सोमारीची मोजणी होऊन राह्यली ना? मंग काऊन बोंबलाचं? आवाजानं वाघालेच कळते." हाका कमी होत गेल्या. मला चैन पडेना. एकदा सोमारी माझ्या झाडाखाली पाणी प्यायला आली. तिच्या दोन्ही हातांत तांब्या होता. फोन थरथरला, मी बटन दाबलं. पाच.

"कोन दाबून राह्यलं, बाई?" तिनं विचारलं.

मी झुडपाकडे मान वळवली.

"तिकडं नोको पाहू," ती म्हणाली आणि उरलेलं पाणी ओतून दिलं.

मोह सरत आला होता. खाली पडलेल्या फुलांचा आंबूस वास दाटला होता. फोन थरथरला. पाच. तरी मी सोमारीला हाक दिली.

ओ आली नाही.

"पाच हाय नं, बाई," सुगंधाबाई लांबून ओरडली.

मी पुन्हा हाक दिली. मग धावले. बाकीच्या मागून आल्या.

झाडाखाली टोपली भरलेली होती. वर चुंबळ नीट ठेवलेली.

आम्ही चौघी तिथं उभ्या होतो. फोन थरथरले. कोणीच बटन दाबलं नाही.

आकडा आला एक.

दुपारी गावातल्या माणसांना ती नाल्यात सापडली, वाघानं ओढत नेलेली. माती देऊन आम्ही तिच्या अंगणात बसलो. तिच्या लेकानं, चैतूनं, डब्यावरचा फोन आणून दाखवला. बॅटरी फुगून मागचं झाकण उघडं पडलं होतं. तेवढ्यात आमचे फोन थरथरले. आम्ही हात पदराखाली घेतले.

रिनाच्या फोनचा उजेड तिच्या मांडीवर पडला होता. त्यावर दोन होते.

सोमारी कुमरे, चैतूची माय, १२ एप्रिल २०२४ ला, शुक्रवारी सकाळी, मोहाखाली मेली.