स्मृतिकुंपण

डॉ. उत्तरा साळगावकरांनी मनोविकार विभागाचं दार आतून बंद केलं. त्यांचा चेहरा पाहूनच त्यांची विद्यार्थिनी मृण्मयी केळुसकर हातातली वही मिटून उभी राहिली.

"शाळेतल्या कोचरेकर बाई सकाळी येऊन गेल्या," डॉक्टर म्हणाल्या. "त्या इथे उपचार घेतात हे बेटभर झालंय. लोक मुलं शाळेतून काढायला लागलेत. उद्या शाळा समितीची बैठक आहे. समितीतल्या परुळेकरांचं म्हणणं, बाईंना पुढच्या बोटीनं घरी पाठवा."

पवनबेट म्हणजे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी समुद्रात उभारलेलं तरंगतं गाव. एक शाळा, एक रुग्णालय आणि सगळ्या गावाची मिळून एक भोजनशाळा. जो तो दुसऱ्याला चेहऱ्यानं ओळखायचा. अशा ठिकाणी रुग्णाचं गुपित टिकणार कसं, या काळजीपोटीच रुग्णालयानं वर्षापूर्वी सगळ्या बेटाला सांगून स्मृतिकुंपण आणलं होतं. ते बसवणारे अभियंते सौमित्र दाभाडे या क्षणी खिडकीशी उभे होते.

"बाईंना या विभागात पाहिलेली माणसं तीनच," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "मी, तू आणि तुझ्या वर्गातला निनाद. तिघांच्याही कानामागे पट्टी आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की इथलं काही आठवतच नाही. मग फुटलं कुठून?"

"पट्ट्यांच्या नोंदी तर ठीक आहेत," दाभाडे म्हणाले. "पण नोंदी पट्टीचं सांगतात, मेंदूचं नाही. एखाद्याच्या मेंदूला कुंपण लागतच नाही, असं क्वचित घडतं. उद्या सगळ्यांची सखोल तपासणी करू. ज्याचं कुंपण लागलेलं नसेल, त्यानंच हे फोडलं."

मृण्मयीचं कुंपण लागलेलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी फाटकाबाहेर आल्यावर तिला सगळं लख्ख आठवत होतं. सांगितलं तर प्रवेश रद्द होईल या धास्तीनं ती गप्प राहिली होती. बाईंबद्दल तिनं कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता. पण उद्या ते कोणाला पटणार?

"सर," ती कशीबशी म्हणाली, "पट्टी नेमकं करते काय? म्हणजे, आठवणीतलं नेमकं काय झाकलं जातं?"

"सोपं आहे. माणसाची आठवण कपाटातल्या वस्तूसारखी सुटी नसते. चेहरा ही एक गाठ असते आणि त्या माणसाबद्दल आपल्याला माहीत असलेलं सगळं तिथे येऊन बांधलेलं असतं. विभागात रुग्ण पाहिला की पट्टी त्या गाठीवर खूण करते. बाहेर पडलं की ती गाठ झोपवते."

"पूर्ण गाठ? नुसता रुग्णालयाचा धागा नाही?"

"धागा वेगळा काढता येत नाही. जवळच्या माणसांच्या गाठी घट्ट असतात. त्यांच्यासमोर क्षणभर अडखळायला होईल, एवढंच. तोंडओळखीचा माणूस मात्र साफ पुसला जाईल. शहरातल्या रुग्णालयांत आम्ही तपासलंय. काहीच अडचण आली नाही."

"शहरात रुग्ण अनोळखीच असतात, सर."

दाभाडेंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. मृण्मयीच्या डोळ्यांसमोर परवाची भोजनशाळा उभी राहिली. परुळेकरांनी निनादला आग्रहानं चहाला बसवलं होतं. ताट घेऊन जाणाऱ्या बाईंकडे बोट दाखवून सहज विचारावं तसं विचारलं होतं, "निनाद, या कोण रे?" बाई रोज निनादच्याच टेबलावर जेवायच्या. तरी तो त्यांच्याकडे कोऱ्या नजरेनं पाहत राहिला होता. परुळेकर गालात हसले होते. तेव्हा तिला ती थट्टा वाटली होती.

"मॅडम, कोणी काही फोडलेलं नाही," ती म्हणाली. "कोणता विद्यार्थी कोणत्या विभागात शिकतो, हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. रोज भेटणारी माणसं तो ओळखतो आणि त्यातल्या नेमक्या काहींना ओळखत नाही. ती काही माणसं कोण, हे कळायला कितीसा वेळ लागतो? आम्हाला तोंड उघडावंच लागत नाही."

"हा नुसता तर्क झाला," दाभाडे म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

डॉक्टर ताडकन उठल्या. "पट्टी माझ्याही कानामागे आहे. धक्क्यावर जाते आणि बघते."

"मॅडम, नको! समोर कोणी आलं तर..."

त्या केव्हाच निघाल्या होत्या. मृण्मयी मागोमाग धावली.

फाटक ओलांडताच डॉक्टरांची चाल मंदावली. कपाळावरची आठी विरली. आपण एवढ्या घाईनं कशासाठी निघालो हेच जणू त्यांना उमगेना. धक्क्यावर बोटीची वाट पाहत दहाबारा माणसं बसली होती. त्यांच्यात परुळेकर होते. दोराच्या वेटोळ्यावरून क्रेनवाले हसनभाई सोलकर उठले आणि हसत समोर आले.

"सलाम, डॉक्टर!"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण नाव येईना. "नमस्कार... आपण?"

हसनभाईंचं हसू जागच्या जागी गोठलं. गप्पा थांबल्या. परुळेकरांनी मान वळवली. एकेक नजर हसनभाईंकडे वळायला लागली तशी मृण्मयी पुढे झाली. आता बोललं तर आपलं बिंग उघडं पडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"मॅडम, चष्मा पुन्हा टेबलावरच राहिला ना?" ती मोठ्यानं हसली. "काल मलाही निनाद म्हणून हाक मारलीत! अहो, आपले हसनभाई, क्रेनवाले. हसनभाई, भाचीचं लग्न कसं झालं? फोटो दाखवणार होतात."

डॉक्टर क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "हो गं, आज काही धड दिसतच नाहीये. माफ करा हं, हसनभाई."

हसनभाईंनी श्वास सोडला आणि फोटो काढायला खिशात हात घातला. धक्क्यावरचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

परतताना फाटकाच्या आत पाऊल पडलं आणि डॉक्टर जागीच थांबल्या. त्यांना आठवलं होतं.

"हसनभाई," त्या पुटपुटल्या. "मी... मी त्यांना सगळ्यांसमोर..." मग सावकाश मान वर करून त्यांनी मृण्मयीकडे पाहिलं. "आणि तू त्यांना ओळखलंस. त्यांच्या उपचाराच्या वेळी तू खोलीत असतेस."

"माझं कुंपण लागलंच नाही, मॅडम. पहिल्या दिवसापासून."

"वर्षभर तुला सगळं आठवत होतं?"

"सगळं. सुरुवातीला फार जड गेलं. कोचरेकर बाई जेवायला समोर बसायच्या आणि त्यांचं इथलं रडणं माझ्या कानात असायचं. मग मी मुद्दाम मासळीचं बोलायचे, शाळेचं बोलायचे. कमी नाही, जास्त नाही, इतरांशी बोलते तेवढंच. घरी आईनं विचारलं तरी विषय बदलायचे." तिनं फाटकाकडे पाहिलं. "निनादला काही लपवावं लागलं नाही, मॅडम. त्यामुळे लपवायचं कसं हे तो शिकलाच नाही."

दाभाडे दारात येऊन सगळं ऐकत होते. त्यांनी कानामागची आपली पट्टी काढली.

"आज सगळी कुंपणं बंद करा," डॉक्टर म्हणाल्या. "पण बाईंचं काय? परुळेकरांनी जे हेरायचं ते हेरलंय. उद्यापासून आपले विद्यार्थी सगळ्यांना ओळखायला लागले तरी ते पुसलं जात नाही."

"मग कोणालाच ओळखायला लागू नये," मृण्मयी म्हणाली.

तो दिवस विद्यार्थ्यांनी विभागातच काढला. पट्ट्या टेबलावर ठेवून ते एकमेकांसमोर बसले आणि मृण्मयी सांगेल तसं पुन्हा पुन्हा करत राहिले. आपण परवा काय केलं हे निनादला कळलं. मग तोच सर्वांत मन लावून शिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोजनशाळेत नुसता गोंधळ उडाला. विद्यार्थी कोणालाच धड ओळखेनात. एकानं वाढप्याला नाव विचारलं, एकीनं आपल्या खोलीतल्या मैत्रिणीला. डॉक्टर आल्या तर निनाद उठून म्हणाला, "आपण नवीन आलात का बेटावर?" लोक आधी हसले, मग वैतागले. रुग्णालयाची ती पट्टी पार बिघडली, यावर टेबलाटेबलांवर एकमत झालं.

परुळेकर समितीचे कागद काखेत मारून आले. बैठक जेवणानंतर होती. निनाद पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यासमोर थांबला. कोऱ्या, सभ्य नजरेनं त्यांना न्याहाळत त्यानं विचारलं, "माफ करा, आपण कोण?"

सगळ्या माना वळल्या. परुळेकरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी त्या विभागात कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही!" ते ओरडले.

कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यामुळे ते वाक्य तसंच हवेत लटकून राहिलं.

पलीकडच्या टेबलावरून कोचरेकर बाई उठल्या. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून मोकळी केली.

"बसा, परुळेकर," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथे कोणी काही समजणार नाही. आमटी गरम आहे, जेवून घ्या."