काळवंडलेला पडदा

"हा मी पाहिलेला सिनेमाच नाही," मध्यंतराचे दिवे लागले तसा वकील म्हणाला.

"म्हणजे? मास्तर तेच, चोर तोच, गोष्ट तीच. उगाच फाटे फोडू नकोस," टाचणीने त्याला कोपर मारलं.

वकील हा टाचणीचा आतेभाऊ. वय तेरा, पण वाद घालायला बसला की समोरच्याने हात टेकायचे, म्हणून हे नाव. शुक्रवारी सकाळीच तो बसने सुट्टीला आला होता आणि बॅग टाकून तिघं थेट दुपारच्या खेळाला येऊन बसली होती. तिसरा म्हणजे टाचणीचा धाकटा भाऊ ढब्बू, नावाप्रमाणे गोल. टाचणीही नावाप्रमाणेच होती, बारीक आणि टोचणारी.

सिनेमा होता भूगोलाच्या मास्तरांचा. निवृत्त झालेले हे मास्तर गुन्हे उलगडतात, संशयितांना रांगेत उभं करून त्यांची तोंडी परीक्षा घेतात आणि उत्तर चुकलं की कान पकडायला लावतात, अशा त्या जुन्या गोष्टी. पुस्तकाची पानं सुटी होईपर्यंत आजोबांनी त्या मुलांना वाचून दाखवल्या होत्या. जुन्या पुस्तकाचा सिनेमा केला की बहुतेक वेळा त्याची माती होते. इथे मात्र कुणीतरी जीव ओतला होता. मास्तर छपरांवरून धावत होते, चोराच्या मागे पळता पळता रस्त्यातल्या पोरांना राजधान्या विचारत होते. टाचणीने तो याआधी चारदा पाहिला होता आणि चारही वेळा पोट दुखेपर्यंत हसली होती.

"आमच्याकडे बाजाराचा प्रसंग भर उन्हात होता," वकील हटेना. "इथे दिवेलागणीची वेळ वाटते. आणि चोराच्या कोटाची सगळी बटणं काळी, एकच निळं. मास्तर त्याला त्यावरूनच पकडतात."

"निळं बटण?" टाचणी म्हणाली. "मास्तर त्याच्या कोटाकडे बघून नुसते हसतात ना? मला वाटलं, कोट आखूड आहे म्हणून हसतात."

"चार वेळा पाहिलास आणि बटण दिसलं नाही तुला?"

पुढचा अर्धा सिनेमा टाचणीने पाहिला, पण ती एकदाही हसली नाही.

आता आजोबांचं सांगायला हवं. टाचणीचे आजोबा याच थिएटरचे ऑपरेटर. अडतीस वर्षं वरच्या केबिनमध्ये बसून त्यांनी सिनेमे दाखवले. रिळं होती तोवर यंत्राला त्यांच्याशिवाय कुणी बोट लावत नसे. मग नवं यंत्र आलं आणि नवा नियम आला. यंत्राचं कपाट कुलूपबंद, किल्ली कंपनीच्या इंजिनिअरकडे, ऑपरेटरने बाहेरून बटण तेवढं दाबायचं. आजोबा शेजारच्या छोट्या खिडकीतून पडद्यावर लक्ष ठेवत.

तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांचा सिनेमा लागला आणि पहिल्याच दिवशी आजोबा मालकांकडे गेले. "साहेब, चित्र काळवंडलंय." मालक स्वतः सिनेमा कधी बघत नसत. ऑफिसात बसून ते कॅमेऱ्यावर तिकिटाची रांग बघत. त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, "माझ्या कागदावर सगळं ठीक आहे. तुमच्या ऑपरेटरचं वय काय हो?"

प्रेक्षकांपैकी कुणी तक्रार केली नाही. हल्ली सिनेमे असेच काळोखे काढतात, असं म्हणून लोक घरी गेले. त्या संध्याकाळी आजोबांनी टाचणीला विचारलं होतं, "पोरी, तुला पडद्यावर नीट दिसलं का गं?" टाचणी तेव्हा मास्तरांच्या धुंदीत होती. "एकदम झकास!" म्हणून ती मोकळी झाली.

मग आपले डोळेच गेले, असं आजोबांनी मनाशी धरलं. त्यानंतर ते जिना उतरताना भिंत धरू लागले. सायकल त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकली. आई डॉक्टरांकडे चला म्हणाली, तर "आता काय दाखवायचं" म्हणून त्यांनी विषय संपवला. मालकांनी त्यांना निरोप पाठवला होता की सोमवारपासून दुसरा ऑपरेटर येईल. अडतीस वर्षांचं काम तीन दिवसांत सुटणार होतं, आणि "झकास" म्हणणारी टाचणीच होती.

घरी आल्यावर तिने हे सगळं वकिलाला सांगितलं. वकिलाने प्रथमच वाद घातला नाही.

तेवढ्यात अंगणातून ढब्बूचं भोकाड ऐकू आलं. कुंपणाच्या फळीवर चढताना त्याच्या अंगठ्यात लाकडाची कूस गेली होती. आजोबा पायरीवर बसले, त्यांनी आईकडून सुई मागून घेतली आणि ढब्बूचा अंगठा धरला.

"बाबा, तुम्ही नका, मी काढते," आई घाईघाईने म्हणाली.

पण तोवर कूस सुईच्या टोकावर आलीसुद्धा होती. ती केसाइतकी बारीक होती. आजोबांना आपण काय केलं ते कळलंच नाही. ते भिंत धरत आत निघून गेले.

वकील टाचणीकडे बघत राहिला. "पाहिलंस?"

"पाहिलं," टाचणी हळूच म्हणाली. "मास्तर काय म्हणतात? उत्तराची घाई नको, आधी प्रश्न नीट वाचा. सगळ्यांनी प्रश्नच चुकीचा वाचलाय. आजोबांना का दिसत नाही हा प्रश्नच नाही. चित्र का काळवंडलं, हा आहे."

"मग आत्ताच सांगू त्यांना."

"नको. आधी पुरावा. मी एकदा काहीतरी बोलून बसलेय. पुन्हा चुकले तर?"

शनिवारी सकाळी तिघं थिएटरवर गेली. बॅटरीवाल्या मावशी पायऱ्या झाडत होत्या. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत नेणाऱ्या त्या, म्हणून हे नाव. थिएटरमधली झुरळंसुद्धा त्यांना ओळखत.

"मावशी, या सिनेमाच्या आधी कुठला होता?" वकिलाने विचारलं.

"तो समुद्राचा. चष्मे लावून बघायचा. मासे अंगावर येतात म्हणून पोरं किंचाळायची, माझ्या कानांचे पडदे फाटले. त्याच्यासाठी तो इंजिनिअर वर काच लावून गेला होता."

"कुठे वर?"

मावशींनी त्यांना हॉलमध्ये नेऊन झाडूने दाखवलं. मागच्या भिंतीवर, यंत्राचा झोत येतो त्या झरोक्यासमोर एक काळी चौकट होती. "त्यात काच सरकवतात. चष्म्याचा सिनेमा संपला की काढून ठेवायची, नाहीतर निम्मा उजेड तीच खाते. आतल्या बाजूला यंत्राचं कपाट, म्हणून केबिनमधून ती दिसत नाही. शिडीच लावावी लागते."

"मग काढली ती?" टाचणीने विचारलं.

"काढलीच असणार. केबिनच्या दारावर कागद चिकटवलाय ना. 'काच काढली', बरोबरची खूण, खाली इंजिनिअरची सही. तुझ्या आजोबांनी पहिल्या दिवशी तोच कागद वाचला आणि म्हणाले, सही आहे म्हणजे काढली. त्यांच्या काळात काम झाल्याशिवाय कुणी सही करत नसे गं."

"मावशी, काच लावताना शिडी कुणी धरली होती?"

"मी. दुसरं कोण आहे इथे? त्या शिडीचा एक पाय आखूड आहे, धरायलाच लागते."

"आणि काढताना?"

मावशींचा झाडू थांबला. त्या म्हणाल्या, "काढताना धरल्याचं काही आठवत नाही."

संशय पक्का झाला, पण मालकांना काय दाखवायचं? आठवत नाही हा काही पुरावा नाही, असं वकीलच म्हणाला. खालून बघून काही कळत नव्हतं, काच काळ्या चौकटीच्या खोल आत बसते. आणि यंत्राच्या कुठल्याही भागाला कंपनीच्या माणसाखेरीज कुणी हात लावायचा नाही, अशी पाटीच होती. दुपारच्या खेळाला तिघं तोंडं पाडून बसली. ढब्बूने मावशींच्या खोक्यातून समुद्राच्या सिनेमाच्या उरलेल्या चष्म्यांतला एक उचलला होता. तो लावून, एक एक डोळा मिटत, त्याचे चाळे चालले होते.

"ढब्ब्या, नीट बस."

"ताई, गंमत बघ. हा डोळा मिटला की मास्तर आहेत. हा मिटला की मास्तर गायब."

"कटकट करू नकोस."

पण वकिलाने तो चष्मा खेचून घेतला आणि आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. त्याने चष्मा टाचणीच्या नाकावर बसवला. डाव्या काचेतून चित्र जसंच्या तसं दिसत होतं. उजव्या काचेतून पडदा जवळजवळ काळा होता. मग तिने त्याच चष्म्यातून दाराच्या दिव्याकडे पाहिलं. दोन्ही काचांतून दिवा सारखाच दिसला.

"त्या वरच्या काचेतून आलेला उजेड चष्म्याची एकच काच आत सोडते. दिव्यासमोर ती काच नाही," वकील कुजबुजला. "झोतासमोर आहे."

रविवारी दुपारी इंजिनिअर नव्या ऑपरेटरसाठी सूचनांचा कागद घेऊन आला. मालक त्याला बाल्कनीच्या दाराशी भेटले. खेळ सुरू होता. आजोबा केबिनमध्ये शेवटच्या दिवसाचं काम करत होते. मुलं वाट अडवून उभी राहिली.

"साहेब, दोनच मिनिटं," टाचणी म्हणाली. "तोंडी परीक्षा आहे."

"ही ऑपरेटरची नात," मालक इंजिनिअरला म्हणाले. त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी मुलीने पुढे केलेला चष्मा मुकाट्याने घेतला. दुसरा वकिलाने इंजिनिअरच्या हातात ठेवला.

"पडद्याकडे बघा आणि उजवा डोळा मिटा. आता डावा," टाचणी म्हणाली.

मालकांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "हे काय आहे?"

"हेच आता दारावरच्या दिव्याकडे बघून करा," वकील म्हणाला. "मग साहेब, साध्या सिनेमात असं का होतं, ते यांना विचारा. प्रश्न त्यांच्यासाठी आहे."

इंजिनिअरने चष्मा काढला. त्याचे कान तांबडे झाले होते. "बहुतेक... त्या आठवड्यात मला तीन गावं होती. म्हटलं, कागद भरून ठेवू, जाता येता काढू. मग राहून गेलं."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

इंजिनिअरने चष्म्याची घडी घातली. मालकांनी प्रश्न तिथेच सोडला, कारण त्या फोननंतर जिना चढून एकदा पडद्याकडे बघायची तसदी त्यांनीही घेतली नव्हती.

"मावशी, शिडी आणा," शेवटी ते म्हणाले.

मावशींनी शिडी धरली. इंजिनिअर वर चढला आणि त्याने चौकटीतून काच सरकवून काढली. पडद्यावर मास्तर बाजारातून धावत होते, आणि त्या बाजारात अचानक ऊन पडलं. फळांच्या ढिगाऱ्यांना रंग आले. तीनशे माणसं एका सुरात "अरे!" म्हणाली.

टाचणी थांबली नाही. ती केबिनकडे धावली.

आजोबा छोट्या खिडकीशी उभे होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, परत घातला, परत काढला.

"टाचणे, हे काय झालं गं? मला... एकदम..."

तिने धापा टाकत सगळं सांगितलं, काच, कागद, सही. आजोबा स्टुलावर बसले.

"म्हणजे मला दिसत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

"आजोबा, मी झकास म्हटलं होतं. माझ्यामुळे झालं." टाचणीला रडू आवरेना. "मला सिनेमा इतका आवडला होता, की मी पडदा बघितलाच नाही."

"सिनेमा आवडला त्यात तुझा काय गुन्हा?" आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू दहा-बारा वर्षांची पोर. मी अडतीस वर्षं ऑपरेटर. आणि मी माझ्या डोळ्यांपेक्षा एका कागदावर विश्वास ठेवला. तीन आठवडे, पोरी. रोज सकाळी उठून मी हात डोळ्यांसमोर धरून बघायचो, आज किती गेले म्हणून."

तोवर बाकीचे दाराशी आले होते. मालकांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. "मास्तरांना मागे टाकलंत. सुट्टीभर हवे तेवढे सिनेमे बघा, तिकीट नाही." ढब्बू खूश झाला. मग मालक आजोबांकडे वळले. त्यांचा आवाज उतरला. "चुकलं माझं. तुम्ही सांगत होता. उद्या या, नेहमीसारखे."

आजोबा लगेच हो म्हणाले नाहीत. ते आनंदाने उठतील असं टाचणीला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा थकलेलाच होता. त्या तीन आठवड्यांत ते खरोखर म्हातारे झाले होते, आणि काच काढली म्हणून ते वय परत येणार नव्हतं.

"येईन," ते म्हणाले. "पण किल्ली माझ्याकडे राहील. आणि त्या चौकटीत काय आहे, हे मी रोज स्वतः चढून बघणार."

"कंपनीचा नियम..." इंजिनिअरने सुरुवात केली. मालकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने खिशातून किल्ली काढून आजोबांच्या तळहातावर ठेवली.

सगळे खाली उतरले. टाचणी मात्र दाराशीच घुटमळली. "आजोबा, मी बसू इथे तुमच्याजवळ? तुम्हाला काही लागलं तर?"

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली लोक हसत होते.

"इथून काय सिनेमा बघणार? खाली जाऊन बस," ते म्हणाले. "मला दिसतंय."